सिरॅमिक कोटिंगच्या नावाखाली काय विकलं जातं: एका काळ्या गाडीची तपासणी

२४,००० रुपये, पाच वर्षांची वॉरंटी, ‘९एच’ कडकपणा, तीन थर. पुण्यात नवी काळी हॅचबॅक घेणाऱ्या एका मालकाला डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी शोरूममध्ये सिरॅमिक कोटिंग (रंगावर द्रव लावून घट्ट होऊ द्यायचा सिलिकाचा अतिशय पातळ, पारदर्शक थर) म्हणून हे सगळं एका दमात विकलं गेलं. गाडी सकाळी अकराला आत गेली आणि संध्याकाळी पाचला आरशासारखी चकचकीत होऊन बाहेर आली. बॉनेटवर पाणी ओतून दाखवलं, थेंब मोत्यांसारखे घरंगळले, पैसे दिले गेले.

चार महिन्यांनी तीच गाडी अंधाऱ्या शेडमध्ये टॉर्च तिरका धरून तपासली, तेव्हा जे दिसलं ते असं. बॉनेट आणि टपावर पाण्याचे थेंब अजून उभे राहत होते. दारांवर हँडलच्या खाली मात्र पाणी थेंब न होता पातळ चादरीसारखं पसरत होतं. डिकीच्या दारावर तेच, मागच्या बंपरवर तेच. सगळ्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे होते, आणि बॉनेटवरचे ओरखडे कोटिंगच्या खाली अडकलेले होते. टपाच्या मधोमध दोन तळव्यांएवढा गढूळ, इंद्रधनुषी झाक असलेला डाग होता. बॉनेटवर वाळलेल्या पाण्याच्या पांढऱ्या कड्या होत्या आणि त्यातल्या काही नखाला लागत होत्या.

यातली प्रत्येक खूण काहीतरी सांगते. दारांच्या खालच्या भागावर कोटिंग लावलेलंच नव्हतं. गिऱ्हाईक पाणी ओतून बघतं ते बॉनेटवर, दाराच्या खालच्या पट्टीवर कोणी ओतत नाही, म्हणून बाटली तेवढीच वापरली. टपावरचा डाग म्हणजे लावलेलं द्रव वेळेत पुसून सपाट केलं नाही आणि ते तिथेच घट्ट झालं. टप कोणाच्या नजरेला पडत नाही, त्यामुळे तो डाग चार महिने लपला. आणि ओरखडे? ते पॉलिश करून काढलेच नव्हते. ग्लेझ नावाचं तेलकट क्रीम फासून भरून टाकले होते. ग्लेझ ओरखड्याच्या खाचेत बसतं, उजेड सरळ परततो आणि रंग नवाकोरा वाटतो. पाचसात धुण्यांत ते निघून जातं आणि खालचं सगळं पुन्हा वर येतं.

कोटिंग डोळ्यांना दिसत नाही. चमक दिसते ती पॉलिशची. फसवणूक नेमकी याच फटीत होते: कष्टाचं काम गाळायचं, न दिसणाऱ्या थराचे पैसे घ्यायचे.

वेळेचा हिशेब मांडला तर पहिल्याच दिवशी शंका आली असती. नीट काम करायचं तर आधी धुलाई, मग ब्रेकच्या लोखंडी कणांसाठी आयर्न रिमूव्हर (फवारल्यावर कण असतील तिथे जांभळे ओघळ येतात), डांबराच्या ठिपक्यांसाठी वेगळं रसायन, मग वंगण मारत क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी). एवढ्याला दोन-तीन तास. मग गाडी पूर्ण कोरडी करून, आरशाच्या कडा, रबर आणि प्लास्टिक पट्ट्या टेपने झाकून पॉलिश. नव्या गाडीला एका टप्प्याचं पॉलिश पुरतं, त्याला चार ते सहा तास. जुन्या गाडीला आधी कंपाउंड (जास्त तासणारं पॉलिश) आणि मग फिनिशिंग असे दोन टप्पे, म्हणजे आठ ते बारा तास. त्यानंतर पॉलिशचं तेल काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून सगळे पत्रे पुसायचे. मग कोटिंग: साधारण दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन धरायचा, आडवे-उभे हात मारायचे, पृष्ठभागावर इंद्रधनुषी झाक आली की एका मायक्रोफायबर फडक्याने पुसायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्याने. झाक यायला उष्मा आणि दमटपणा बघून अर्ध्या मिनिटापासून दोन-तीन मिनिटं लागतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत ते लवकर पकडतं, म्हणून चौकोन लहान घ्यावा लागतो. यालाही दोन तास. शेवटी गाडी रात्रभर आत, पाण्याचा थेंब न लागता उभी राहिली पाहिजे, आणि पुढचे सात दिवस शाम्पू नाही. आता हे सगळं सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच यात बसवून दाखवा. नव्या गाडीला किमान एक पूर्ण दिवस आणि एक रात्र, जुनीला दोन ते तीन दिवस. याहून कमी वेळ सांगितला की काय गाळणार आहात, हे तिथेच विचारावं.

रंगाची जाडी समजली की निम्म्या थापा आपोआप गळतात. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण ९० ते १४० मायक्रॉन असतात. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे उन्हापासून रंग सांभाळणारा तो थर केसाहूनही पातळ. वरून लावलेलं कोटिंग एक-दोन मायक्रॉनचं, पुष्कळदा त्याहूनही कमी. याउलट पीपीएफ म्हणजे पारदर्शक फिल्म १५० ते २०० मायक्रॉनची असते. एक्स्प्रेसवेवर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेली खडी फिल्म झेलू शकते, एक मायक्रॉनचं कोटिंग झेलू शकत नाही. ‘दगड लागला तरी ओरखडा नाही’ असं जो कोटिंग विकताना म्हणतो, त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

इथेच एक हातचलाखी सर्रास चालते. रंगाची जाडी मोजायचा गेज बॉनेटला लावतात: आधी ११२ मायक्रॉन, काम झाल्यावर १२७. ‘बघा साहेब, १५ मायक्रॉनचा थर चढला.’ गेजची स्वतःचीच चूक दोन-तीन मायक्रॉनची असते, त्यामुळे एका मायक्रॉनचा थर त्याला दिसूच शकत नाही. आणि एकाच बॉनेटवर वीतभर सरकवलं तरी आकडा दहा-पंधराने बदलतो. दुसरा आकडा घेताना हात तेवढाच सरकवलेला असतो. खरं तर पॉलिश नीट झालं असेल तर जाडी एक-दोन मायक्रॉनने कमी व्हायला हवी, कारण पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा वरचा भाग तासणं. तासलेला भाग परत येत नाही. दर वर्षी ‘रबिंग’ करून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. टपाच्या आणि बॉनेटच्या कडांवर क्लिअर कोट आधीच पातळ असतो, आणि रोटरी मशीन घाईत फिरवलं की पहिल्यांदा तिथेच रंग उघडा पडतो.

गेजचा खरा उपयोग काम सुरू होण्याआधी. प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी आकडे घेऊन त्यांचे फोटो काढावेत. एखाद्या दारावर २०० ते ३०० आले तर ते पुन्हा रंगवलेलं आहे, ५०० च्या पुढे गेले तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. ‘नवी’ म्हणून घेतलेल्या गाडीत असं दार निघालं तर कोटिंग बाजूला ठेवून आधी डीलरला लेखी विचारा. ८० च्या खाली आकडे असतील तिथे कंपाउंड लावू देऊ नये. प्लास्टिकच्या बंपरवर साधा गेज चालत नाही, हेही माहीत असू द्या. ‘बंपरचंही रीडिंग घेतलं’ म्हणणाऱ्याने गेज हातात धरूनही कधी वापरलेला नसतो.

‘९एच’बद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सर्वात जास्त पैसे या दोन अक्षरांवर काढले जातात. हा पेन्सिलीचा आकडा आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ४५ अंशात धरून, ७५० ग्रॅम भाराखाली पृष्ठभागावर ढकलतात आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते पाहतात. ९एच ही त्या मालिकेतली कडक पेन्सिल. पण पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असतं, खनिजांच्या कडकपणाच्या मोह्स पट्टीवर ते ७ वर बसतं. सेल्समन मात्र ९एच आणि मोह्सचा ९ एकच असल्यासारखं बोलतो. मोह्सच्या ९ वर नीलम बसतो, १० वर हिरा. गाडीवर नीलमाचा थर बसत नाही. शिवाय कोटिंगची पेन्सिल चाचणी पुष्कळदा काचेवर केलेली असते. मऊ क्लिअर कोटवर तेच कोटिंग लावलं तर खालचा थरच दबतो आणि चरा पडतो. धुळीने माखलेली गाडी सुक्या फडक्याने पुसली तर ९एच असो की आणखी काही, ओरखडे येणारच.

‘तीन थर, पाच थर’ हेही तसंच. पहिला थर क्लिअर कोटला धरतो. दुसऱ्या थराचा थोडा उपयोग होतो, राहून गेलेली जागा भरून निघते. पुढे थर वाढवले म्हणून संरक्षण त्याच पटीत वाढत नाही. हिशेबही करून बघा: हॅचबॅकच्या एका थराला साधारण २० ते ३० मिली द्रव लागतं, मोठ्या एसयूव्हीला ५० मिलीपर्यंत. पाच थर म्हणणाऱ्याने तुमच्या समोर ३० मिलीची एकच बाटली उघडली असेल, तर बाकीचे थर कुठून आले?

लायटरची ज्योत बॉनेटवर फिरवून दाखवतात, तेही ऐकून घ्या. ज्योत दोन-तीन सेकंद फिरती ठेवली तर खालचा पत्रा उष्णता ओढून घेतो आणि कोटिंग नसलेल्या रंगालाही काही होत नाही. थेंब घरंगळण्याचं प्रात्यक्षिक तर काहीशे रुपयांच्या स्प्रे वॅक्सनेही होतं. थेंब उभा राहिला म्हणजे सिरॅमिक लागलं, असं नाही.

टेफ्लॉन कोटिंग अजून कित्येक ठिकाणी दरपत्रकावर आहे. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि तव्यावर बसवताना त्याहून जास्त तापवावं लागतं. गाडीचा रंग कारखान्यात १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो, गॅरेजच्या बूथमध्ये ६० अंशांवर. त्या तापमानाला टेफ्लॉन रंगाला धरूच शकत नाही. बाटलीत असतं ते वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच तात्पुरता, पण कृत्रिम थर), दोन-तीन महिन्यांचं. ग्राफीन कोटिंगच्या बहुतेक बाटल्यांतही मुख्य माल तोच सिलिकाचा, वर नाव आणि भाव नवा.

आता खरा प्रश्न: तुमच्या गाडीला हे हवंय का? चांगलं लावलेलं कोटिंग निरुपयोगी नाही, हे आम्ही मनापासून सांगतो. धूळ आणि चिखल कमी चिकटतो, धुलाई लवकर होते, गुलालाचे डाग सहज सुटतात, कोकण-गोव्याच्या लाल मातीचा पांढऱ्या रंगावर बसणारा तांबूस थर लवकर निघतो. पक्ष्याची विष्ठा आणि झाडावरच्या किडीचा चिकटा पडला तर काही तासांची उसंत मिळते. काही तासांचीच. उन्हात दोन दिवस तशीच ठेवली तर कोटिंगवरही डाग कोरला जातो.

पण गाडी रोज कोण पुसतं, यावर सगळं अवलंबून आहे. सोसायटीत पहाटे एक माणूस एका बादलीत आणि एका फडक्यात पंधरा-वीस गाड्या पुसत असेल, तर पहिल्या गाडीची वाळू विसाव्या गाडीवर घासली जाते. अशा गाडीवर २४,००० रुपयांचं कोटिंग सहा महिन्यांत मरतं. पुसणाऱ्याला दोष देऊ नये, त्याला पैसेच तेवढे मिळतात. त्याला सांगा की फक्त काचा आणि आतून पुस, बाहेरून पाण्याचा फवारा मारल्याशिवाय हात लावू नकोस. तो ऐकणार नसेल किंवा तुम्हाला आठवड्याला दोन बादल्या, शाम्पू आणि चांगला मायक्रोफायबर घेऊन तासभर देता येणार नसेल, तर कोटिंग घेऊ नका. दर तीन महिन्यांनी स्प्रे सीलंट स्वतः मारा, काम भागतं.

दुसरा प्रश्न पाण्याचा. बोअर किंवा टँकरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. कोटिंगवर पाणी थेंब होऊन उभं राहतं आणि उन्हात जागच्या जागी वाळतं, म्हणून कोटिंग केलेल्या गाडीवर पांढऱ्या कड्या उलट जास्त ठळक उठतात. त्या काळ्या हॅचबॅकच्या बॉनेटवर हेच झालं होतं. सोसायटीत बोअरचं पाणी असेल आणि गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर धुतल्यावर लगेच पुसून कोरडी करणं भाग आहे. विकताना हे कोणी सांगत नाही. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: गंज लागतो तो दाराच्या शिवणीत, चाकाच्या कमानीत आणि खालच्या भागात. वरच्या चकचकीत पत्र्यावरच्या कोटिंगचा त्याच्याशी संबंध नाही.

क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटायला लागलेल्या जुन्या गाडीवर कोटिंग म्हणजे पैसे पाण्यात. नुकताच रंगवलेला पत्रा असेल तर रंगातले द्रावक निघून जायला महिनाभर तरी थांबावं. मॅट रंगाला पॉलिश लागताच कामा नये. आणि हायवेवर रोजचा प्रवास असेल तर तेच पैसे फक्त बॉनेटचा पुढचा भाग, पुढचा बंपर आणि आरशांवर पीपीएफ लावण्यात घाला.

घ्यायचं ठरलंच तर नव्या गाडीला कोटिंग शोरूममध्येच लावून घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. उलट बुकिंगच्या वेळीच लिहून द्या की डिलिव्हरीआधी गाडी धुऊ-पुसू नका, प्लास्टिक आम्ही काढू. नव्या गाडीवरचे पुष्कळसे गोल ओरखडे शोरूमच्या यार्डातल्या फडक्यानेच पडतात. काम करणाऱ्याकडे चार गोष्टी मागा. बॉनेटच्या मधोमध टेपची पट्टी मारून एकाच बाजूला पॉलिश करून दाखवा. पॉलिशनंतर आणि कोटिंगआधी, अल्कोहोलने पुसलेल्या पत्र्यांचे टॉर्चच्या उजेडात फोटो पाठवा. सीलबंद बाटली माझ्यासमोर किंवा व्हिडिओवर उघडा, बॅच नंबर दिसू दे. आणि जीएसटी बिलावर उत्पादनाचं पूर्ण नाव, बॅच नंबर, किती पत्र्यांवर किती थर आणि वॉरंटीची मुदत लिहा. जीएसटी क्रमांक १५ अंकी-अक्षरी असतो, पोर्टलवर टाकून दुकान त्याच नावाचं आहे का ते दोन मिनिटांत कळतं. ‘बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील’ हे वाक्य ऐकलं की निघा. १८ टक्के वाचवून तुम्ही तक्रारीचा पुरावा विकत असता. शोरूममध्ये काम करून घेतलं तरी पैसे शोरूमच्याच खात्यात, शोरूमच्याच बिलावर द्या. त्या हॅचबॅकच्या मालकाने पैसे सेल्समनने दिलेल्या वेगळ्या यूपीआय नंबरवर टाकले होते, आणि चार महिन्यांनी शोरूमने हात वर केले.

वॉरंटी कार्ड पैसे देण्याआधी वाचावं. पाण्याचे डाग, ओरखडे, विष्ठेचे डाग, दगडाच्या खुणा यांना वॉरंटी नाही, असं बहुतेक कार्डांवर बारीक अक्षरात असतं. मग उरतं काय? चमक आणि थेंब. तेही दर वर्षी पैसे भरून त्यांच्याच दुकानात सर्व्हिस केली तरच, आणि तारीख चुकली की सगळं रद्द. पाच वर्षांच्या सर्व्हिसची रक्कम आजच विचारून मूळ किमतीत जोडा. तो आकडा बघून बरेच जण विचार बदलतात.

लावून झालं असेल आणि संशय असेल तर घरच्या घरी तपासता येतं. गाडी सावलीत साध्या शाम्पूने धुवा, मग नळीचं तोंड काढून संथ धार प्रत्येक पत्र्यावर सोडा: बॉनेट, टप, चारही दारं वर आणि खाली, डिकी, दोन्ही बंपर. एका पत्र्यावर थेंब आणि शेजारच्यावर चादर असेल तर फोटो घ्या. पण लगेच आरोप करू नका. कोटिंगवर खनिजांचा आणि तेलाचा थर बसला तरी थेंब बंद होतात. तिथे एक भाग पांढरं व्हिनेगर आणि एक भाग पाणी थंड पत्र्यावर मिनिटभर ठेवून भरपूर पाण्याने धुवा. थेंब परतले तर कोटिंग आहे, नुसतं दबलं होतं. ग्लेझ शोधायला औषधाच्या दुकानातलं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल तेवढ्याच पाण्यात मिसळून तळव्याएवढ्या जागी स्वच्छ मायक्रोफायबरने हलकं पुसा. पुसलेल्या जागी ओरखडे उमटले आणि शेजारी नाहीत, तर पॉलिश झालेलं नाही. शाम्पूविना सात दिवस झाले की लगेच दुसऱ्या आठवड्यातच ही तपासणी करायला हवी, नंतर ग्लेझ तसंही धुऊन जातं.

फसवणूक निघाली तर आधी ई-मेलने किंवा स्पीड पोस्टाने लेखी तक्रार द्या, फोटो, बिल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची आश्वासनं जोडा, उत्तराला १५ दिवस द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. दुकानदार बहुधा लगेच म्हणेल, ‘गाडी घेऊन या, फुकटात परत पॉलिश मारून देतो.’ त्या काळ्या गाडीच्या मालकाला हेच सुचवलं गेलं. सगळ्या पत्र्यांचे तारखेसह फोटो, टॉर्चखालचा व्हिडिओ आणि दुसऱ्या दुकानाचा लेखी तपासणी अहवाल हातात आल्याशिवाय गाडी देऊ नका. एकदा मशीन फिरलं की ओरखडे जातात, टपावरचा डाग जातो, क्लिअर कोटचे आणखी दोन-तीन मायक्रॉन जातात, आणि आयोगासमोर दाखवायला गाडीवर काहीच उरत नाही.